आसऱ्याच्या विहिरीवरची लाल खूण

किसनभाऊ,

परवा तुमच्या तेरवीला येऊन गेले. गाडी गावाबाहेर बाभळीखाली उभी केली आणि तिथून चालत आले. ड्रायव्हर नवा आहे. म्हणाला, "मॅडम, घरापर्यंत डांबरी आहे, उन्हात कशाला चालता?" मी म्हटलं, इथला नियम आहे. कुणाचा, ते सांगत बसले नाही. तुमच्याच दारात जीप नेली असती तर तुम्ही हार घातलेल्या फोटोतूनसुद्धा मान हलवली असती.

हा नियम तुम्ही मला कामाच्या पहिल्याच दिवशी घालून दिलात. खरं तर नियम घालायचा अधिकार माझा. मी भूजल प्रकल्पाची अधिकारी आणि तुम्ही माझे क्षेत्र सहाय्यक. पण कळंबच्या स्टॅण्डवर चहा पिऊन आपण निघालो आणि पहिल्याच गावाच्या वेशीवर तुम्ही जीप थांबवायला लावलीत. त्या वर्षांत आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि कापूस चांगला पिकला म्हणून नव्हे. बाहेरून माणसं यायची, दारात बसून कागद भरायची, फोटो काढायची आणि जायची. जीप दिसली की बाया पदराला हात पुसत बाहेर येत आणि विचारत, "कोनाच्या घरी जी?"

"बाई, जीप पाह्यली का लोकाईले वाटते कोनी गेलं," तुम्ही म्हणालात. "आपन तं पान्यासाठी आलो. पान्याले पायी जा लागते."

मी यवतमाळच्या कचेरीवाल्या घरातली. आजोबा कारकून, वडील कारकून, आणि मी एम. एस्सी. करून त्या दोघांच्या वरताण शहाणी. विहिरीचं पाणी मी आयुष्यात शेंदलं नव्हतं, पण भूजलावर तासभर बोलू शकत होते. पाणी किती खोल गेलं, त्यात क्षार किती, शेतात मारलेलं औषध त्यात उतरतं का, एवढं बघायचं काम होतं. एकोणीस विहिरी आणि काही हातपंप. दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी मोजायची, बाटल्या भरायच्या आणि नागपूरला पाठवायच्या. हे सगळं मी तुम्हाला पहिल्या दिवशी समजावून सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, मधूनमधून "हो जी" म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी टेपच्या टोकाला एक छोटी पितळी वाटी उलटी बांधून घेऊन आलात. मी विचारलं, हे काय? म्हणालात, "पान्याले लागली का आवाज देते. डोये फोडून आत पाहाचं काम नाई."

ती वाटी पाण्याला टेकली की ‘डुब्ब’ असा आवाज यायचा. तुम्ही टेप सोडताना डोळे मिटायचे, आणि विहिरीवर धुणं धुणाऱ्या बाया आपोआप हात थांबवून गप्प राहायच्या. एवढी शांतता मला आमच्या प्रयोगशाळेतही कधी मिळाली नाही. आवाज आला की तुम्ही टेप जरा वर-खाली करून पुन्हा एकदा ऐकायचे, मग कठड्यावरच्या खुणेपाशी बोट ठेवायचे आणि आकडा सांगायचे. आकडा सांगताना तुमचा आवाज बदलायचा. लग्नात नवऱ्याचं नाव घ्यायला सांगितल्यावर नवरीचा बदलतो ना, तसा. मी हे एकदा तुम्हाला म्हणाले होते आणि तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नव्हतात.

हातपंपाचं पाणी बाटलीत भरण्याआधी नळीतलं साचलेलं पाणी उपसून टाकावं लागतं. मी म्हटलं, दहा मिनिटं हापसायचं आणि पाणी सोडून द्यायचं. मे महिना होता. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी कुणाच्या ताटातलं अन्न उकिरड्यावर टाकायला सांगितलंय. मग तुम्ही गल्लीत शिरून हाक दिलीत, "या वो, गुंड आना!" बाया पाण्याचे गुंड, बादल्या, कळश्या घेऊन आल्या. तुम्ही हापसत राहिलात, त्या भरत राहिल्या, आणि सगळ्यांचं भरून झाल्यावर आपली बाटली भरली गेली. त्या दिवसापासून आपण कुठल्याही गावात गेलो तरी पंपावर गुंडांची रांग आधीच लागलेली असायची. माझ्या अहवालात मी ‘पंप दहा मिनिटे चालवला’ एवढंच लिहिलं.

आता त्या घराची गोष्ट. मोजमापाचा दिवस होता आणि चार दिवसांपूर्वी त्या घरातला कर्ता माणूस गेला होता. कसा गेला ते गावात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी तापानं यवतमाळला पडून होते, तुम्ही एकटे गेलात. कागद आला तर त्या विहिरीचा रकाना रिकामा. मी तुम्हाला झापलं. म्हटलं, गेलात ना तिथं? दोन तास बसलात ना? मग मोजायला काय झालं होतं? टेपला तुम्ही दोरीच म्हणायचे. चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणालात, "त्या घरी आज दोरी घेऊन नाई जा लागत, बाई."

मी कागद फाइलीत लावला. पण मनात मात्र हेच की आकड्यांच्या ओळीत एक भोक पडलं. तुम्ही ते भोक अंदाजानं सहज बुजवू शकला असता, मला कळलंही नसतं. तुम्ही ते तसंच ठेवलंत. हे मी लक्षात ठेवायला हवं होतं, किसनभाऊ.

आपली भांडणं काही कमी नव्हती. तुम्हाला विहिरींची नावं हवी असायची, मला नंबर. तुमच्यासाठी ती लिंबाची विहीर, कोतवालाची विहीर, आसऱ्याची विहीर. माझ्यासाठी चार, नऊ, सतरा. तुम्ही म्हणायचे, "नंबर कैद्याले देतात." मी म्हणायचे, नकाशावर लिंब दिसत नाही. दुसरं भांडण शेऱ्याचं. मी छापून आणलेल्या कागदावर तारीख, नंबर, आकडा असे तीनच रकाने होते. तुम्ही विचारलंत, "अन् शेरा कोठी लिहाचा?" मी म्हटलं, शेऱ्याची गरज नाही, आकडा आला की झालं. तुम्ही कागदाकडे पुन्हा एकदा बघितलंत, घडी घातलीत आणि तो खिशात ठेवलात. त्याच आठवड्यात तुम्ही कळंबच्या दुकानातून एक दोनशेपानी वही घेतलीत. मला वाटलं, तुमच्या नातीसाठी.

आणि तिसरं भांडण रंगाचं. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एक कायमची खूण हवी, म्हणजे मोजमाप दरवेळी तिथूनच व्हावं. मी लाल ऑइलपेंटचा डबा आणला. तुम्ही म्हणालात, "लाल कायले? निया लावा बाई." मी विचारलं, निळा काहून? तुमच्यामुळे मलाही ‘काहून’ची सवय लागली होती. तुम्ही म्हणालात, "इहिरीवर लाल काई लावलं का ते लाल राहत नाई, देव होते." मला हसू आलं. मला वाटलं, गावातल्या माणसाची अंधश्रद्धा. पुस्तकात लाल लिहिलं होतं, मी लाल लावला. एकोणीसच्या एकोणीस विहिरींवर, माझ्या स्वतःच्या हातानं.

अठरा विहिरींवर तो लालच राहिला. सतराव्या विहिरीवर, म्हणजे तुमच्या गावातल्या विहिरीवर, देव झाला. त्या विहिरीत आसरा राहतात, पाण्यातल्या सात बहिणी, असं गाव आधीपासून मानत होतं. त्यांच्या विहिरीवर कुणीतरी लाल लावून गेलं म्हटल्यावर बायांनी कुंकू वाहिलं. मग एक दगड आला, मग शेंदूर. तुम्ही मला हे हसत हसत सांगितलंत, "बाई, तुमच्या हातानं देव बसला. आता नारयाचा पह्यला मान तुमचा." मी वैतागून म्हटलं, नारळ राहू द्या, तो दगड काढून टाका. तुम्ही म्हणालात, तुम्हीच काढा. अर्थात मी काढला नाही.

चैत्रात एका बाईचा नवस फिटला आणि तिनं त्या खुणेवरच कठड्यावर सिमेंटचा छोटासा ओटा बांधला. एक वीत चार बोटं उंच. वर पुन्हा लाल रंग दिला. हेही तुम्ही मला सांगितलं होतं. जीप सुरू होती, मी बाटल्यांची पेटी बांधत होते, आणि तुम्ही दहा गोष्टींमध्ये ही एक गोष्ट सांगितलीत. मी "बरं" म्हटलं.

पेरणीच्या दिवसांत तुम्ही चार दिवस शेतात अडकलेले, तेव्हा मी तुम्हाला न कळवता एकटीच त्या विहिरीवर जाऊन आले. शेंदरानं माखलेल्या लाल खुणेवरून मोजलं तर पाणी तुमच्या आदल्या आकड्यापेक्षा फुटाहून जास्त खोल. माझ्या डोक्यात एक किडा शिरला. पंधरा दिवसांनी तुम्ही आकडा दिलात, आणि मी तुम्हाला न सांगता दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुन्हा तेवढाच फरक. त्या ओट्याकडे मी दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा मला वाटलं, कठडा असाच असणार.

मी तुम्हाला विचारलं असतं तर गोष्ट दोन मिनिटांत संपली असती. मी विचारलं नाही. मी नागपूरला मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं: क्षेत्र सहाय्यकाच्या नोंदी विश्वासार्ह वाटत नाहीत, ते विहिरीवर न जाता घरी बसून आकडे लिहीत असावेत, पुढील वर्षी त्यांची नेमणूक करू नये. चांगल्या मराठीत, सुवाच्य अक्षरात, सहीनिशी. ज्या माणसानं रिकामा रकाना रिकामा ठेवला त्याच्याबद्दल मी हे लिहिलं.

दोन दिवसांनी तुम्ही मला विचारलंत, "बाई, आसऱ्याच्या इहिरीवर गेल्त्या काय तुमी?" मी म्हटलं, नाही. तुम्ही "बरं" म्हणालात.

साहेब शहाणे होते. पत्र वाचून ते स्वतः आले. म्हणाले, आपण तिघं विहिरीवरच जाऊ. तुम्ही टेप सोडलात, डोळे मिटलेत, बाया गप्प झाल्या. डुब्ब. तुम्ही लाल खुणेपाशी बोट ठेवून आकडा सांगितलात. तो माझ्या आकड्याशी जुळला, आणि माझ्या मनात एक क्षण, खोटं कशाला सांगू, जिंकल्यासारखं झालं. मग तुम्ही ओट्याला हात लावलात. "अन् हा वटा वजा," म्हणालात आणि तुमचा आकडा आला.

साहेबांनी विचारलं, "हा ओटा कधी झाला?"

"चैतात, साहेब. बाईले सांगतलं होतं." एवढं बोलून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. तुम्ही लगेच साहेबांकडे वळून म्हणालात, "म्या जीप चालू असतानी सांगतलं, साहेब. माहीच चुकी. त्याईले लय कामं राह्यतात."

तुमची नेमणूक पुढच्या वर्षी झाली, त्याच्या पुढच्याही वर्षी झाली. साहेबांनी त्या पत्राबद्दल तुम्हाला काही सांगितलं नाही आणि मला एक शब्द बोलले नाहीत. परत येताना तुम्ही जीपमध्ये विचारलंत, "साहेब कायले आले होते?" मी म्हटलं, असंच, बघायला. एका महिन्यात तुमच्याशी हे माझं दुसरं खोटं. पत्र मी मागे घेतलं नाही. ते फाइलीत आहे, आजही असेल.

प्रकल्प बंद झाला, मी नागपूरला गेले. दर पोळ्याला तुमचा फोन यायचा. नमस्कार-चमत्कार करायच्या आधी तुम्ही पाण्याचंच सांगायचे, "बाई, यंदा आसऱ्याले पानी वर हाये," आणि मग आकडा. मी म्हणायचे, अरे वा. मला वाटायचं, जुन्या ओळखीचं माणूस बोलायला काहीतरी काढतंय. दरवेळी ठरवायचे की आज सांगून टाकू. मग तुम्ही विचारायचे, पोरगी काय शिकून राह्यली, आणि राहून जायचं. माफी मागायला मला पंधरा-वीस पोळे मिळाले, किसनभाऊ. एकही पुरला नाही.

परवा जेवणं झाल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. कपाटातून टेप काढून दिला. तेलाचा हात फिरवून गुंडाळलेला, टोकाला तीच वाटी. त्याखाली वह्या. "हे तुमचं हाये म्हने," वहिनी म्हणाल्या. "मले सांगून ठेवलं होतं त्याईनं, बाई आली का देजो."

वह्या आठ होत्या. माझ्या कागदावर नसलेला शेऱ्याचा रकाना प्रत्येक पानावर तुम्ही पट्टीनं आखलेला होता. आणि प्रकल्प संपल्यावरही तुम्ही थांबला नव्हतात. अठरा विहिरी सुटल्या, पण आसऱ्याच्या विहिरीचं मोजमाप दर पंधरा दिवसांनी लिहिलेलं. मी वहिनींना विचारलं, हे कुणी सांगितलं होतं त्यांना? त्या म्हणाल्या, "कोनीच नाई. म्या म्हनलं, आता कायले जाता? तं म्हने, देव बसोला अन् सोडून द्याचा काय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "मांगचे दोन मोजमाप राह्यले. उठाले झालंच नाई त्याईले."

मी टेप घेतला, वह्या पिशवीत घातल्या. वहिनी पण सोबत आल्या. ओटा अजून आहे, शेंदरानं आणखी बोटभर जाड झालाय. मी टेप सोडला, आणि कपडे धुणाऱ्या दोन पोरींनी हात थांबवले. त्यांना कुणी सांगितलं होतं? डोळे मिटले. दोनदा ऐकलं. आकडा घेतला, ओटा वजा केला, शेंदूरही वजा केला. शेवटची वही लिहायला उघडली, पण आधी मला जुनी हवी होती. ती तिथंच कठड्यावर बसून शोधली. त्या वर्षीच्या आषाढातलं पान. तुमचं अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं, शेरा लिहिताना तुम्ही नेहमी कचेरीतली मराठी वापरायचे.

"मॅडम दोन वेळा एकट्या येऊन मोजून गेल्या असे बायांकडून समजले. वटा वजा केला किंवा नाही, विचारावे."

खाली: "विचारले. आल्या नाही म्हणाल्या."

त्याखाली साहेब आले तो दिवस: "साहेब व मॅडम हजर. माझे मोजमाप तपासले, बरोबर निघाले. मॅडम घाबरल्या होत्या. त्यांची नोकरी नवीन आहे. विषय काढू नये."

तुम्ही शब्द पाळलात. इतकी वर्षं, इतके पोळे, विषय काढला नाही. आणि मी समजत होते की तुमच्यापासून काहीतरी लपवून ठेवलंय. मला तिथं रडू फुटलं, वहिनी समोर असूनही, आणि त्या बिचाऱ्या समजल्या की मी तुमच्या जाण्यानं रडतेय. तेही खरंच होतं.

तुमच्याएवढा खरा माणूस मी माझ्या कामात दुसरा पाहिला नाही. पाण्याबद्दल जे मला येतं त्यातलं निम्मं तुम्ही शिकवलंय, आणि माणसांबद्दल जे येतं ते जवळपास सगळं. हे मी तुम्हाला समोर बसवून सांगायला हवं होतं, आणि पत्राबद्दल माफी मागायला हवी होती. मागते आहे. उशीर झाला, पण मागते आहे.

शेवटच्या वहीत तुमच्या शेवटच्या नोंदीखाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या. त्या तुमच्या राहिलेल्या मोजमापांच्या आहेत, त्यात मी अंदाजानं काही भरणार नाही. तिसऱ्या ओळीत तारीख घातली. विहिरीचा नंबर लिहिला नाही, ‘आसऱ्याची विहीर’ असं लिहिलं. आकडा लिहिला. मग शेऱ्याच्या रकान्यात, तुम्ही लिहीत होतात तसं, लिहिलं:

"वहिनी व बाई हजर. खूण लाल लावली ही बाईंची चूक, किसनभाऊ निळी म्हणाले होते. वट्याचे सांगितले होते, बाईंनी ऐकले नाही. नागपूरला लिहिलेले पत्र खोटे आहे. किसनभाऊंची सर्व मोजमापे बरोबर."

आणि खाली सही केली.